सोळा वर्षांच्या मुलीचे नैराश्य: गोळी, समुपदेशन आणि वेळेचा हिशेब

आपण कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. मुलगी सोळा वर्षांची, यंदा अकरावीत. गेले तीन महिने ती खोलीतून फारशी बाहेर येत नाही, जेवणावर वासना नाही, पहाटे चारला जाग येते ती पुन्हा झोप लागत नाही. दहावीला उत्तम गुण मिळवूनही ‘मला काहीच जमत नाही’ हे तिचे पालुपद आहे आणि दोनदा ती ‘मी नसते तर तुमचे बरे झाले असते’ असे बोलून गेली. मानसोपचारतज्ज्ञांनी मध्यम ते तीव्र नैराश्य असे निदान करून फ्लुओक्सेटिनची गोळी लिहून दिली. त्यावर आपल्या सासूबाईंचे म्हणणे, एवढ्याशा पोरीला डोक्याची औषधे नकोत, सवय लागेल. दिरांनी इंटरनेटवर वाचले की या गोळ्यांनी मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढतात. कॉलेजातल्या मॅडमनी सुचवले, आधी समुपदेशन करून पाहा. या सगळ्यात गोळ्यांचे पाकीट दहा दिवस कपाटात पडून आहे आणि आपण विचारता आहात, गोळी की समुपदेशन?

मी गेली वीस-बावीस वर्षे किशोरवयीन मुलांवर उपचार करतो आहे. मुलीला प्रत्यक्ष न तपासता औषधाचा निर्णय देणे योग्य नाही, तो तिच्या डॉक्टरांचाच आहे. मात्र आपण जे वर्णन केले आहे तशी मुलगी माझ्यासमोर आली असती, तर मी दोन्ही उपचार एकाच आठवड्यात सुरू करण्याचा आग्रह धरला असता. याचे कारण गोळी ‘जोरदार’ आणि बोलणे ‘सौम्य’ असे नाही. या दोन उपचारांमधला सर्वांत ठळक फरक ताकदीपेक्षा वेळेचा आहे, आणि आपल्या मुलीकडे वाट पाहण्यासाठी किती वेळ आहे हाच येथे खरा प्रश्न आहे.

हे मी कशाच्या आधारावर म्हणतो ते सांगतो. या विषयावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेत झाला; ‘टॅड्स’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. १२ ते १७ वर्षे वयाच्या, मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४३९ मुलामुलींचे चार गट करण्यात आले. एका गटाला फ्लुओक्सेटिन, दुसऱ्याला विचार आणि वर्तन यांवर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती म्हणजे सीबीटी, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याला औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २००४ साली पहिल्या बारा आठवड्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही उपचार घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के, केवळ फ्लुओक्सेटिन घेणाऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के, केवळ सीबीटी घेणाऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्के आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्के मुले लक्षणीय सुधारली होती. येथपर्यंत वाचणारा सहज म्हणेल की औषध जिंकले. पण अभ्यास तेथे थांबला नव्हता. अठराव्या आठवड्यात सीबीटीचा गट ६५ टक्क्यांवर आला, तेव्हा औषधाचा ६९ टक्क्यांवर होता. आणि छत्तिसाव्या आठवड्यात दोघेही ८१ टक्क्यांवर येऊन उभे राहिले. दोन्ही उपचार घेणारा गट मात्र अठराव्या आठवड्यातच ८५ टक्क्यांवर पोहोचलेला होता.

म्हणजे केवळ बोलण्याच्या उपचारानेही बहुतेक मुले त्याच मुक्कामाला पोहोचली, पण त्यांना काही महिने जास्त लागले. प्रौढ माणसाच्या आयुष्यात चार-पाच महिने इकडेतिकडे झाले तर निभावून जाते. अकरावीतल्या मुलीच्या आयुष्यात तेवढ्या काळात एक सत्र जाते, मैत्रिणी दुरावतात, वर्गात मागे पडल्याची लाज वाटू लागते, आणि ही लाज मूळ नैराश्याला नवे खतपाणी घालते. जी मुलगी ‘मी नसते तर’ असे बोलते, तिच्या बाबतीत तर प्रत्येक आठवडा मोजावा लागतो.

आता दिरांच्या शंकेकडे येतो, कारण ती निराधार नाही आणि ‘इंटरनेटवर काहीही लिहितात’ असे म्हणून ती उडवून लावणारा डॉक्टर मला आवडत नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने सर्वच नैराश्यविरोधी औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापणे बंधनकारक केले. त्यामागे मुलांवरील २४ चाचण्यांची एकत्रित छाननी होती. औषध घेणाऱ्या दर शंभर मुलांपैकी सुमारे चार जणांत आत्महत्येचे विचार किंवा तशी कृती नव्याने दिसली, पोकळ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात दोन होते. त्या चाचण्यांत एकाही मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला नव्हता. २००७ साली हा इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू करण्यात आला. धोका लहान आहे, पण खरा आहे. टॅड्समध्येही छत्तीस आठवड्यांत आत्महत्येशी संबंधित घटना केवळ औषध घेणाऱ्यांत सुमारे १५ टक्के, दोन्ही उपचार घेणाऱ्यांत सुमारे ८ टक्के आणि केवळ सीबीटी घेणाऱ्यांत सुमारे ६ टक्के मुलांमध्ये नोंदल्या गेल्या. माझ्या मते संपूर्ण अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे. बोलण्याचा उपचार जोडीला असला की औषधाचा वेग मिळतो आणि त्याची जोखीमही बरीच खाली येते. म्हणून दिरांना सांगा की त्यांची भीती बरोबर आहे, मात्र तिच्यावरचा उतारा पाकीट कपाटात ठेवणे हा नव्हे. तीव्र नैराश्य उपचाराविना सोडले तर जीवाचा धोका त्यातच अधिक असतो.

हे विचार औषधाने का वाढावेत? याचे एक उत्तर आम्हाला रोजच्या कामात दिसते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही मुले अस्वस्थ होतात, पाय हलवत राहतात, चिडतात, झोप आणखी तुटते. मन अजून उदासच असते आणि शरीरात मात्र चळवळ सुरू झालेली असते. असे दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा असतो. मात्रा कमी केली की बहुतेक वेळा हे शमते. याच कारणासाठी मी १० मिलिग्रॅमने सुरुवात करून एक-दोन आठवड्यांनी २० वर जातो आणि पहिला महिना मुलाला दर आठवड्याला पाहतो. डॉक्टरांनी महिन्याची गोळी देऊन महिन्याने बोलावले असेल, तर संकोच न करता आठवड्याची भेट मागून घ्या. घराण्यात कुणाला उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येण्याचा आजार होता का, हे त्यांनी विचारले नसेल तर आपणहून सांगा. अशा मुलांत केवळ नैराश्याचे औषध दिले तर क्वचित उन्मादाचा झटका येतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलेले बरे, आपल्याकडच्या वाढत्या वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षय इतका आढळतो की थकव्याचे सगळे खापर मनावर फोडणे योग्य नाही. आणि पाकीट मुलीच्या हाती देऊ नका. गोळी रोज मोठ्या माणसाने द्यावी, घरातली बाकीची औषधे आणि शेतीघर असेल तर फवारणीची औषधेही कुलपात जावीत. या एका साध्या गोष्टीने जीव वाचतात, तरी ती सांगायची राहून जाते.

फ्लुओक्सेटिनच का, असेही आपण विचारले आहे. मुलांच्या नैराश्यात औषधांची यादी प्रौढांपेक्षा फार आखूड आहे. अमेरिकेत आठ वर्षांवरील मुलांसाठी फ्लुओक्सेटिनला २००३ मध्ये आणि बारा वर्षांवरील मुलांसाठी एस्सिटॅलोप्राम या औषधाला २००९ मध्ये मान्यता मिळाली. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३४ चाचण्यांचा तौलनिक आढावा आला, त्यात चौदा औषधांपैकी पोकळ गोळीपेक्षा निश्चितपणे सरस ठरले ते एकटे फ्लुओक्सेटिन. जुनी ट्रायसायक्लिक औषधे प्रौढांना लागू पडतात, मुलांना त्यांचा फारसा उपयोग होत नाही आणि जास्त प्रमाणात पोटात गेली तर ती हृदयाला घातक ठरतात. पॅरॉक्सेटिन या नैराश्याच्याच दुसऱ्या औषधाची कथा तर उद्बोधक आहे. २००१ साली एका चाचणीच्या आधारे ते किशोरांसाठी गुणकारी आणि सुरक्षित म्हणून मिरवले गेले. २०१५ मध्ये त्याच चाचणीची मूळ कागदपत्रे स्वतंत्र संशोधकांनी पुन्हा तपासली, तेव्हा ते गुणकारी नाही आणि सुरक्षितही नाही असे निघाले. चौदा वर्षे गेली. माझ्या पिढीतल्या डॉक्टरांनी त्यातून घेतलेला धडा असा की औषधांचा एक गट म्हणून विचार करू नये, कोणते औषध हे विचारावे. फ्लुओक्सेटिनचा एक व्यावहारिक गुणही आहे. ते शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, त्यामुळे एखादा दिवस गोळी चुकली तरी लगेच त्रास होत नाही, आणि सोळा वर्षांच्या मुलांच्या गोळ्या चुकतातच.

सासूबाईंचा प्रश्न सवयीचा आहे. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, मात्रा वाढवत न्यावी लागते, न मिळाल्यास जीव तगमगतो. फ्लुओक्सेटिनच्या गटातल्या औषधांचे तसे नाही. त्यांची ओढ लागत नाही. मात्र ती एका रात्रीत बंद करू नयेत, टप्प्याटप्प्याने उतरवावीत. घरातल्या ज्येष्ठांना मी हे वेगळे बसवून सांगतो, कारण आपल्या घरांत गोळी सुरू राहणार की नाही हे पुष्कळदा तेच ठरवतात. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, भूक मंदावणे असा त्रास होऊ शकतो, तो साधारण पंधरवड्यात ओसरतो. गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून औषध सोडणारे पालक मला दर महिन्याला भेटतात.

आता समुपदेशनाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत मोठा गैरसमज तेथेच आहे. पालक मुलाला घेऊन येतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, तुम्ही जरा चार गोष्टी समजावून सांगा, तुमचे ऐकेल.’ चार गोष्टी समजावून सांगणे हा नैराश्याचा उपचार असता तर तो घरातच झाला असता. आई, बाबा, मामा आणि क्लासचे सर यांनी तोपर्यंत चाळीस गोष्टी समजावून झालेल्या असतात. वर जे आकडे दिले ते समजूत काढण्याचे नाहीत. टॅड्समधल्या मुलांनी बारा आठवड्यांत सुमारे पंधरा बैठका केल्या, प्रत्येक बैठक तासाभराची, तिला आराखडा, मधल्या आठवड्याला गृहपाठ, काही बैठकांत पालकांचा सहभाग.

आपल्या मुलीसारख्या रुग्णाबरोबर अशा बैठकांत काय घडते? पहिल्या काही आठवड्यांत विचारांना हातही लावत नाहीत. दिवसाचा तक्ता करतात. कोणत्या वेळी मन सर्वांत खाली असते, त्याआधी काय घडले, कोणत्या कामाने अगदी पाच मिनिटे का होईना बरे वाटले, हे तिच्याकडून लिहून घेतात, आणि मग त्यातल्या लहान गोष्टी ठरवून दिवसात परत आणतात. नैराश्यात माणूस ‘मन लागेल तेव्हा करीन’ म्हणून थांबतो आणि काही केले नाही म्हणून मन आणखी बसते. ही साखळी कृतीच्या टोकाने तोडायची असते. त्यानंतर विचारांचे काम. ‘माझ्यामुळे घरच्यांना त्रास’ या वाक्याला आम्ही ‘असे बोलू नकोस गं’ म्हणत नाही. ते कागदावर घेतो. हा विचार आला तेव्हा काय घडत होते, त्याच्या बाजूने काय पुरावा, विरुद्ध काय, मैत्रीण असेच म्हणाली असती तर तू तिला काय सांगितले असतेस. हे काम मायबोलीत चालते तेव्हाच नीट होते, याविषयी माझे ठाम मत आहे. इंग्रजी माध्यमातली मुलेही स्वतःला घालून पाडून बोलतात ती मराठीत.

मराठी समाजाला या पद्धतीचे वावडे असण्याचे कारण नाही. सीबीटीच्या घराण्यातली थोरली शाखा म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, आणि कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ती मराठीत रुजवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी त्याच विचाराचे काम चालते.

तरीही बोलण्याच्या उपचाराविषयी मी भाबडा नाही. इंग्लंडमध्ये २००७ साली २०८ मुलांवरच्या ‘अडॅप्ट’ या अभ्यासात औषध आणि नियमित वैद्यकीय देखरेख यांच्या जोडीला सीबीटी दिली, तेव्हा २८ आठवड्यांत तिचा अधिक फायदा दिसला नाही. त्या मुलांची देखरेखच फार चांगली होती, असा मी त्याचा अर्थ लावतो. वारंवार भेटणारा, ऐकून घेणारा डॉक्टर हाही उपचाराचाच भाग असतो. २०१७ मधल्या ‘इम्पॅक्ट’ या ४६५ मुलांच्या अभ्यासात सीबीटी, मनोविश्लेषणावर आधारित थोड्या मुदतीची पद्धत आणि साधी पण शिस्तशीर मनोसामाजिक मदत यांची तुलना झाली, त्यात एकही दुसरीपेक्षा सरस ठरली नाही. म्हणून उपचारकाच्या पाटीवर कोणत्या पद्धतीचे नाव आहे यावर अडून बसू नका. बैठका ठरल्या वेळी होतात का, प्रत्येक बैठकीला काही उद्दिष्ट असते का, मुलगी त्या व्यक्तीशी बोलते का, हे पाहा. पहिल्या दोन बैठकांत मुलीपेक्षा समुपदेशकच जास्त बोलत असेल, तर दुसरा शोधा.

कॉलेजातल्या मॅडमचा सल्ला सरसकट चुकीचा नाही, हेही नोंदवतो. नैराश्य सौम्य असते, मूल कॉलेजला जाते, जेवते, झोपते, फक्त मलूल असते, तेव्हा गोळीने सुरुवात करू नये. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वे अशा मुलांत आधी दोन आठवडे लक्ष ठेवायला आणि मग बोलण्याचा उपचार द्यायला सांगतात. पोकळ गोळी घेणारी एक तृतीयांशाहून अधिक मुले बारा आठवड्यांत सुधारली, हा आकडा येथे आठवावा; नियमित भेट, निदान समजणे आणि ‘हा आळस नाही, आजार आहे’ हे घरच्यांनी मान्य करणे एवढ्यानेही काही मुले उभी राहतात. आपल्या मुलीची पहाटेची जाग, भूक जाणे, तीन महिन्यांचा काळ आणि मरणाचे बोलणे मिळून चित्र वेगळे होते. अशा अवस्थेत एकट्या सीबीटीवर विसंबणे मला आणखी एका कारणासाठी पटत नाही. जिला वर्तमानपत्राचा एक परिच्छेद वाचताना तीनदा मागे जावे लागते, तिच्याकडून विचारांची वही भरून घेणे म्हणजे ताप उतरायच्या आधी व्यायाम सांगण्यासारखे आहे. औषधाने झोप आणि लक्ष थोडे जागेवर आले की बैठकांतले काम तिला पेलते.

प्रत्यक्षातली अडचण निराळीच असते. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ मिळतात, पण एका बैठकीचे शुल्क अनेक घरांना दर आठवड्याला झेपत नाही. तालुक्याच्या गावी तर असा माणूसच नसतो. फ्लुओक्सेटिन मात्र स्वस्त आहे आणि जवळपास सगळीकडे मिळते. त्यामुळे आपल्याकडे ‘केवळ औषध’ हा निर्णय अनेकदा शास्त्राचा नसून अंतराचा आणि पैशाचा असतो. अशा वेळी जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या कक्षात चौकशी करावी. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही मिळते. रात्री मुलगी पुन्हा तसे बोलली तर हा क्रमांक फोनमध्ये असू द्या, मात्र तिला एकटी सोडू नका आणि जवळच्या रुग्णालयात न्यायला कचरू नका. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये सामान्य लोकांना शिकवून सहा ते आठ बैठकांचा, कृतीवर भर देणारा कार्यक्रम राबवला आणि तो तीव्र नैराश्यातही उपयोगी पडल्याचे २०१७ मध्ये दाखवले. तो अभ्यास प्रौढांवरचा होता, पण दिवसाचा तक्ता आणि लहान कृती हा उपचाराचा गाभा मोठ्या पदव्यांवाचूनही नीट शिकवता येतो, एवढे त्यातून घ्यावे. आपल्या गावात मानसशास्त्रज्ञ नसेल तर पंधरा दिवसांनी एकदा शहरात आणि मधल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर, अशी सोय बहुतेक जण करून देतात.

पहिल्या गोळीने गुण आला नाही तर? तोही अभ्यास झालेला आहे. २००८ च्या ‘टॉर्डिया’ चाचणीत पहिल्या औषधाने बरी न झालेली ३३४ मुले होती. केवळ औषध बदलले त्यांच्यापैकी सुमारे ४१ टक्के सुधारली, औषध बदलून सीबीटी जोडली त्यांच्यापैकी सुमारे ५५ टक्के. म्हणजे दुसऱ्या वळणावर तरी बोलण्याचा उपचार जोडायलाच हवा.

‘समुपदेशनाने मुळापासून बरे होते, गोळीने तात्पुरते’ हे वाक्य आपण ऐकले असेल. टॅड्समधल्या १९६ मुलांचा पुढे पाच वर्षांपर्यंत माग काढला गेला. जवळजवळ सगळी बरी झाली होती, पण बरी झालेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के मुलांना पुन्हा नैराश्याने गाठले, मुलींना मुलग्यांपेक्षा अधिक. सुरुवातीला कोणता उपचार मिळाला होता यावर हे अवलंबून नव्हते. म्हणून बरे वाटल्यानंतरची व्यवस्था महत्त्वाची. मुलगी पूर्ववत झाल्यावर औषध किमान सहा महिने, शक्यतो नऊ ते बारा महिने चालू ठेवतात, आणि बैठका संपल्या तरी महिन्या-दोन महिन्यांनी एखादी उजळणीची बैठक ठेवतात. पुन्हा सुरुवात झाल्याची तिची स्वतःची पहिली खूण कोणती, पहाटेची जाग की मैत्रिणींचे फोन टाळणे, हे तिने स्वतः लिहून ठेवावे.

आपल्या मुलीचा हिशेब मांडायचा तर असा होतो. श्रावणात दोन्ही उपचार सुरू झाले तर दिवाळीच्या सुमारास बारा आठवडे होतात आणि तेव्हा पहिला आढावा घ्यावा. दिवाळीपासून ती सलग बरी राहिली, तर मे महिन्यात सहा महिने भरतात. अकरावी संपलेली, बारावीचा जोर अजून चढलेला नाही, अशा त्या सुटीत डॉक्टरांना विचारून मात्रा उतरवता येईल. मे महिन्यापर्यंत ती पूर्ण बरी नसेल, किंवा मधे एकदा घसरली असेल, तर बारावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत औषधाला हात लावू नये आणि ते उतरवण्याचा विचार परीक्षेनंतरच्या सुटीत करावा.